डाक्तरापुढे बोललो ते खोटं

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही दुसऱ्या कोणावर राग धरणार नाही. मी जान्या. साखरशेताच्या वरच्या अंगाला आमचा पाडा, बाप तिथलाच, आजा तिथलाच, भात आणि नागली यापलीकडे आम्हाला काही ठाऊक नाही. बायको मथी पोशेऱ्याची. तिचा हात हलका, म्हणून पाड्यात कोणी अडली की आयस, म्हणजे माझी आई, तिलाच पुढे करायची.

हे कानावर गेलं आणि जव्हारच्या दवाखान्यातले डाक्तर पाड्यात आले. म्हणाले, संस्थानाला शिकलेल्या सुइणी पाहिजेत, ही बाई द्या, तीन महिने शिकवतो, मग नेमणूक होईल. मथी तर हरखूनच गेली. रोज पहाटे दळण करून चालत जायची, दिवस कलल्यावर चालत यायची.

आता शिकणं म्हणजे काय ते मला कुठे ठाऊक. मला वाटलं, सावलीत बसायचं आणि डाक्तर बोलेल ते ऐकायचं. ती सांगायची, दिवसभर उभं राहावं लागतं, विहिरीचं पाणी आणायचं, उकळायचं, रक्ताची फडकी धुवायची, अडलेल्या बाईजवळून हलायचं नाही. मी म्हणायचो, छपराखालीच ना? मग झालं.

आणि दिवस राबाचे. भाताचं रोप जिथं टाकायचं तिथं पाला पसरून जाळतो, तो राब. आमच्यात पुरुष ऐनाच्या झाडावर चढून फांद्या तोडणार आणि भारे बायका वाहणार. पुरुषाने पाल्याचा भारा डोक्यावर घेतला तर पाडाभर हसतील, याला लुगडं नेसवा म्हणतील. आयसचे गुडघे गेलेले. म्हणून मी दिवसा फांद्या तोडून ढीग लावायचो आणि मथी जव्हारहून आली की तिला ढीग दाखवायचो. एकदा ती म्हणाली, आज पाय कापतात रे, उद्या नेऊ? मी काय म्हणालो, काय सांगू तुम्हाला, म्हणालो, डाक्तरीण झालीस वाटतं. ती उठली, डोक्यावर चुंबळ ठेवली, तीन फेऱ्या केल्या.

असं महिनाभर चाललं. मग एका दुपारी दवाखान्याचा शिपाई धापा टाकत आला, चल लवकर, तुझी बायको पडली. उकळत्या पाण्याचं भांडं उचलताना पडली होती. मी गेलो तर ओठ पांढरे, डोळे मिटलेले. तीन दिवस ती शुद्धीत यायची आणि जायची. डाक्तर म्हणाले, अंगात रक्त नाही, छाती दमली आहे, वाचेल की नाही आज सांगता येत नाही. मी बाहेर पायरीवर बसून राहिलो.

चौथ्या दिवशी तिने पेज घेतली. डाक्तरांनी मला आत बोलावलं, विचारलं, घरी काय काम करते? मी म्हणालो, काही नाही साहेब, आयस करते सगळं. मथी जागी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. डाक्तर म्हणाले, म्हणजे आमच्याच कामाने ही दशा झाली, मग हिला हे झेपायचं नाही, बरी झाली की घरी ने, मी दुसरी बाई बघतो. आणि खरं सांगतो, मला आतून बरंच वाटलं.

घरी आणली. ओढ्यावरच्या बायका म्हणायच्या, डाक्तरीणबाय परत आली, नाजूक निघाली. मथी ते ऐकून घरात जायची. आयस मात्र बोलली. म्हणाली, जान्या, भारे काय डाक्तराने वाहायला लावले? सांगितलंस त्याला? मी कोयता घासत बसलो. तेव्हा मथी एवढंच म्हणाली, माझ्या अंगात बळ नाही असं तू सांगून आलास, आता मला कोण बोलवील?

आज तिला मोखाड्यापासून बोलावणी येतात, माणसं डोली घेऊन येतात, हे तुम्ही बघताच. पण त्या दिवसांत ते सगळं माझ्या एका खोट्यापायी बुडायला आलं होतं. दहा दिवस मी तसेच काढले. अकराव्या दिवशी मथीला बैलगाडीत बसवून जव्हारला नेली.

ओसरीवर रोगी बसले होते, त्यांच्यासमोरच मी डाक्तरांना सगळं सांगितलं, राब, भारे, तीन फेऱ्या. डाक्तर संतापले, म्हणाले, गुरालासुद्धा माणूस इतकं जुंपत नाही. मग शांत झाले, म्हणाले, ताकद आली की हिला पाठव, पण पाल्याची एक काडी तिच्या डोक्यावर दिसता कामा नये. मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर ते मागे सरले. म्हणाले, माझे कशाला?

मी मथीकडे वळलो. आमच्यात नवरा बायकोला असं बोलत नाही, त्यामुळे शब्द येईनात, लोक तर बघतच होते. मी म्हणालो, मथे, तुला मी मरायला टेकवली होती. बळ तुझ्यात होतं, मीच ते खाल्लं आणि वर तुलाच नाजूक ठरवलं. माझं चुकलं.