गिरणीवरचा आवाज

— बसा ना हो भाऊ, थे फाईल सरकवतो मी, जड हाये थोडी. नाही, माहा नंबर नाही गेला, माहा नंबर आत हाये — म्हंजे प्रतीक्षाची माय आत हाये, माही मंडळी, आन् मी बाहेर. डॉक्टरीनबाईनं बाहेर काहाडलं मले. हसता काय, खरंच सांगतो. म्हने, काका, तुमी बाहेर बसा, मले यांच्याशी बोलाचं हाये. आता जिचा आवाजच पाच हप्त्यापासून बंद हाये, तिच्याशी काय बोलनार, सांगा बरं! मी म्हनलं, मॅडम, तिले बोलता येत नाही, मीच सांगतो समदं, तारखेनिशी सांगतो. त म्हने, तुमचं ऐकलं मी, आता यांचं ऐकते. पाऊन घंटा झाला या गोष्टीले. तुमचं कानाचं दुखनं दिसते — मंग मान हालवली तरी चालन. मी जोरानं बोलतो, थे सवय हाये, माही पिठाची गिरनी हाये डोनगावले, वीस वर्षं झाले. गिरनीवाल्याले हळू बोलता येतच नाही.

तुमी कोनत्या गावचे? मलकापूर. बरं. देऊळगाव राजाकडं कोनी सोयरेधायरे? नाही ना? नाही, सहजच इचारलं.

हे फाईल पाहा तुमी. पाहा त. हे मेहकरचं — घसा लाल नाही, गाठ नाही. हे थायरॉईडचं, नॉर्मल. हा मानेचा फोटू. ही दुर्बीन — नाकातून नळी टाकली आन् गळ्यात पाह्यलं, मले टीव्हीवर दाखवलं, आवाजाच्या दोन दोऱ्या असतात पांढऱ्या, उघडतात, मिटतात — चांगल्या हायेत म्हने. मंग हा डोक्याचा एमआरआय. तोबी नॉर्मल. समदं नॉर्मल! अरे, नॉर्मल असतं त मानूस बोललं नसतं काय? गिरनी बंद पडली त मी काय करतो — पट्टा पाहातो, बेअरिंग पाहातो, मोटरचं वायंडिंग पाहातो, कुठं ना कुठं बिघाड सापडतेच. पार्ट बदलला की चालू. मानसाचंबी तसंच असन ना? मी म्हनतो, लागन थे तपासा, पन शोधा. आन् ही बाई — शिकलेली हाये, भिंतीवर डिग्र्या पाहा — तिनं फाईल चाळली, मिटली, बाजूले ठेवली, आन् इचारते काय? घरी कोन कोन हाये. जेवन जाते काय. झोप लागते काय. आवाज गेला त्या दिवशी काय झालं होतं, त्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं. मी गळा दाखवाले आनला, तू घर काऊन तपासून राह्यली?

एक मात्र पकडलं तिनं. प्रतीक्षाच्या मायले ठसका लागला, त ही बाई एकदम पुढं वाकली. म्हने, काका, खोकला आवाजाचा निघते. दोऱ्या वाजतात यांच्या, बोलतानाच वाजत नाहीत. मी म्हनलं, म्हंजे नाटक करते काय ही? तापलंच माहं डोकं. त म्हने, नाही, नाटक नाही, त्यांले खरंच बोलता येत नाही. आता तुमीच सांगा, बिघाड नाही आन् बंदबी हाये — हे कोनतं मशीन? — ऐका, ऐका. खोकाले लावलं तिले आतमधी. तुमाले कुठून ऐकू येईन, तुमच्या कानात कापूस.

तिचा आवाज तुमी ऐकाले पायजे होता. गिरनी चालू असली तरी रस्त्यापलीकडं जाये — ‘गोजरबाई, दळन झालं वं, घेऊन जाय!’ मले कवा घंटी लावाची गरज नाही पडली. आन् आता? आता ताटावर वाटी वाजवते. एकदा वाजवली म्हंजे जेवाले या, दोनदा वाजवली म्हंजे नळ आला. थे वाटीचं मले सहन होत नाही हो. लाज नाही सांगाले, पिठाच्या खोलीत बसून रडलो मी एक दिवस. भांडली असती, शिव्या देल्या असत्या, तरी चाललं असतं.

कवापासून? साक्षगंधापासून. म्हंजे साक्षगंध झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून. आमच्या प्रतीक्षाचा — एकच लेकरू हाये आमाले. देऊळगाव राजाचं स्थळ, पोरगा नोकरीवर, बहिनी दिलेल्या, गरीब स्वभावाची मानसं. अकरा दिवसावर लगन हाये. आन् साक्षगंधाच्या दिवशी काय झालं म्हनता — काही नाही झालं. घरात होते थे. नवराबायकोचं थोडं बोलनं झालं. — तुमीबी त्या बाईसारखंच पाहून राह्यले माह्याकडं. बरं, सांगतो. मलकापूरचे हा ना तुमी? पन इथंच ठेवा.

पोरीले फिट येत होती. येत होती म्हनतो मी, चार वर्षं झाले, एकबी नाही. गोळ्या चालू होत्या ना, सकाळ-संध्याकाळ. मोठ्या डॉक्टरनं मले चांगलं समजावून सांगतलं होतं, मेंदूत करंट जास्त होते, बाकी काही नाही, गोळी घेतली की पोरगी तुमच्या-माह्यासारखी, लगन करा, लेकरंबाळं होतात. मले पटलं. म्हनून मी पयले खरं सांगत होतो. दोन स्थळांले खरं सांगतलं मी! पयलेवाले चहाचे कप भरलेले तसेच ठेवून उठले. दुसऱ्याची बाई पोरीजवळून जाताना पदर सावरून गेली, जसं काही लागन तिले. पोरगी हातात पोह्याचा ट्रे घेऊन उभी होती. डॉक्टर म्हनते मेंदूचं हाये, गाव म्हनते बाहेरचं हाये, सोयरे म्हनतात खानदानात हाये — कोनी म्हनलं काय हो, की ही वीस वर्षाची पोरगी हाये, चांगलं दळते, चांगलं हसते? नाही म्हनलं. मंग तिसऱ्यांदा मीबी नाही सांगतलं.

आन् प्रतीक्षाची माय म्हने सांगा. साक्षगंधाच्या सकाळीबी तेच — सांगून टाका, झाकलं त पोरीच्याच अंगावर येईन. तिकडं पाहुन्याची गाडी आली, इकडं हिचं चालूच. पोरगी पाटावर बसली होती, येनी घालून. मी हिचा हात धरला आन् पोरीच्या डोक्यावर ठेवला. म्हनलं, घे आन. यातलं एकबी तोंडातून काहाडशील त पोरीले लागन. आमच्याकडं लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली आन कोनी मोडत नाही, चोरबी मोडत नाही. घेतली तिनं. मंग विहीनबाईनं इचारलंच, पोरीले काही दुखनं-बिखनं? हिनं तोंड उघडाच्या आत मीच म्हनलं, काही नाही, ठनठनीत हाये. दुसऱ्या दिवशी सकाळी मले चहाले हाक माराले आली, त नुसती हवा.

हे मॅडमले सांगतलं काय? कायले सांगू? गळ्याचा आन् आनेचा काय संबंध? दुर्बिनीत आन दिसते काय?

— थांबा. ‘म्म्म’ करून राह्यली. हाव, तीच. लहान लेकरावानी. आवाज हाये त्याले... नाही, गेला.

आज इथं येन्याचा हट्टबी तिचाच. मी म्हनलं लगनानंतर पाहू, त दारात आडवी बसली. बारा दिवसांपासून असंच करते. बारा दिवसांआधी विहीनबाई आल्या होत्या, बांगड्याच्या मापाले. फळीवर गोळ्याची पट्टी पडली होती. म्हनल्या, हे कायच्या? मी म्हनलं, ताकदीच्या. त्यांनी उलटीपालटी करून पाह्यली. चष्मा घरी राह्यला होता म्हनून वाचलो मी, नाही त तिथंच खेळ खतम होता. आता सासरी पट्टी घेऊन जाईन पोरगी, आन् तिथं चष्मा असन — मंग? मी संध्याकाळी पोरीले सांगतलं, डॉक्टरशी बोललो फोनवर, चार वर्षं झाले, आता बंद करा म्हनले. इतकी खूश झाली हो ती. म्हने, बाबा, मंग मी बरी झाली? म्हनलं, हाव, बरी झाली. माय दारातच उभी होती. तिनं तोंड उघडलं, मान तानली, शिरा फुगल्या — हवा. तवापासून कवाबी वाटी वाजवत राहाते ती. मी उठून पाहातो त जेवन नाही, नळबी नाही.

पोरगी कुठं हाये म्हंजे? घरी. गिरनी सांभाळून राह्यली. आज बाजाराचा दिवस, दळन लय असते. एकटीच हाये, पन सवय हाये तिले, पट्ट्याजवळ कसं उभं राहाचं थे मीच शिकवलं — पट्ट्यावर जाळी नाही आमच्या, काहाडली होती, बसवाची राह्यली. आता तुमी काऊन असं तोंड करून राह्यले? चार वर्षं झाले म्हनलं ना. तो मोठा डॉक्टर म्हनला होता, एकदम कवाच बंद करू नका, आन् बंद करताना पोरीले आगीजवळ, विहिरीजवळ, मशीनजवळ — जाऊ देऊ नका — पन थे त समद्यालेच सांगतात डॉक्टर.

मी फसलो हो भाऊ. पत्रिका वाटून झाल्या. सांगतो त पोरगी पुन्हा ट्रे घेऊन उभी राहाते, नाही सांगतो त हे असं. मलेबी घास उतरत नाही, छातीवर पोतं ठेवल्यासारखं वाटते. मेहकरच्या डॉक्टरनं माहीबी पट्टी काहाडली हृदयाची, नॉर्मल. दळनारा मानूस कानानं दळते, दगड घासले की पीठ जाडं व्हाच्या आधी आवाज बदलते, तवाच उठावं लागते. आन् माह्या घरातला आवाज बदलला, बंद पडला, आन् मी फाईल घेऊन फिरून राह्यलो.

— चूप. चूप बसा जरा. एक... दोन... तीन... मोजून राह्यली! भाऊ, तिचाच हाये! घोगरा हाये पन तिचाच! आला, आवाज आला! पाह्यलं, मी म्हनलं होतं ना की... थांबा. काय म्हनून राह्यली? दार जाड हाये. ‘प्रतीक्षा’. ‘गोळ्या’. ‘बारा दिवस’. रडून राह्यली आन् बोलून राह्यली. ‘मशीनवर... एकटी...’ मोडली. आन मोडली तिनं.

हाव, नर्सताई? मीच. आत हाये त्या तानुबाईचा मालक मीच. काय इचारून राह्यल्या मॅडम? ...हाव. येतो. एक मिनिट ताई, एकच मिनिट, फोन लावू द्या मले.

वाजून राह्यला. गिरनी चालू असली की ऐकू येत नाही तिले. किती वाजले हो? या टायमाले ज्वारीचं मोठं दळन असते. उचल ना बाई. उचल ना व माय —

हॅलो! प्रतीक्षा? ऐकू येते काय? गिरनी बंद कर. बंद कर म्हनतो पयले, गिऱ्हाईक थांबन! ...झाली? आता पट्ट्यापासून दूर हो. बस खाली. गोजरबाई असन बाहेर, तिले जवळ बसव. तुह्या गोळ्या मोटरच्या मांगं हायेत, ग्रीसच्या डब्यात. कोनी म्हंजे मीच ठेवल्या. नाही, डॉक्टर नव्हता म्हनला. मीच म्हनलं होतं. कशा घ्याच्या थे इथल्या मॅडम सांगतात तुले, तू बसून राहाय. लगनाचं? मले नाही माहीत बाई. ...माय? हाव. बोलली. तुहंच नाव घेतलं आधी.

भाऊ, मले बलावलं हाये आत, पन तुमी घ्या माहा नंबर. जा ना, कायले थांबले! जा म्हनतो. मले बसू द्या इथं थोडं.