झाडण्यात की झाडांत

"चार भिंतींत कोंडून घेऊ नकोस, रोज घटकाभर झाडांत जाऊन बस," असं सासूबाई बजावत होत्या, तेव्हा "मी अगदी मजेत आहे" म्हणत तिनं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं. आज ती बाळाच्या लशीसाठी दवाखान्यात नंबर लावून बसली होती. शेजारी एक शिंपीकाका रक्तदाब तपासून येऊन थोरल्या बहिणीजवळ टेकले.

"किती आला रे?"

"वरचा एकशे तीस, ताई. मागच्या वेळी एकशे सत्तर होता."

"मग गोळी वाढवणार?"

"नाही. आहे तीच घ्या म्हणाले डॉक्टर, आणि झाडांत जाणं सोडू नका."

"आता बरं ऐकू आलं. आधी काय ऐकलं होतंस?"

"मशीनच्या खडखडाटात कान गेलेत माझे. मला वाटलं, रोज अर्धा तास झाडण्यात घालवा."

"पंधरा दिवस दुकान झाडत होतास. बायको खूश, आणि तू खोकून बेजार."

"दुकान लख्ख झालं, ते कुणी बोलत नाही."

"आणि हात? थरथरतात म्हणून कात्री ठेवून देणार होतास ना?"

"काल बागेतून थेट दुकानात गेलो. सुईत दोरा पहिल्या खेपेलाच ओवला."

बहिणीनं चष्मा काढून पदर डोळ्यांना लावला.

"रडतेस कशाला, ताई?"

"रडतंय कोण? चष्मा पुसतेय."

शेजारी बसून हे ऐकणाऱ्या तिला सासूबाईंचं "झाडांत जाऊन बस" आठवलं; तिनं बाळाला खांद्यावर घेतलं आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास सोडला.

तुमच्या ओळखीतही "मी अगदी मजेत आहे" म्हणणारी एखादी असेल. आज तिच्याकडे जरा डोकावून याल का?