खंडेनवमीचा नारळ आणि एक वाकडी रेघ

सन्माननीय अध्यक्ष, आपले वर्क्स मॅनेजर श्री. मडगावकरसाहेब, व्यासपीठावर मिशीला पीळ देत बसलेले युनियनचे सरचिटणीस काशीराम घाग, चाचणी विभागातले माझे सोबती, कँटीनच्या दारात बटाटेवड्यांची परात धरून माझं भाषण संपायची वाट बघणारी मंडळी, आणि पहिल्या रांगेतून ‘आटपा’ अशी खूण करणाऱ्या आमच्या सौ. रुक्मिणीबाई. सर्वांना माझा नमस्कार.

एकतीस वर्षांनी या अंधेरीच्या कारखान्यातून मी आज बाहेर पडतोय. आत्ता आमचा मधुकर म्हणाला, “धामणस्करकाकांच्या हातून कधी एक उपकरण बिघडलं नाही.” टाळ्याही झाल्या. मधुकर, तुझं प्रेम मी घरी नेतो, पण ते वाक्य तेवढं परत घे. मला आत्ता शाल मिळाली, नारळ मिळाला. हा नारळ हातात घेतला आणि मला जे बोलायचं होतं ते सोपं झालं.

मी मूळचा कवितावेडा माणूस, हे तुम्हाला माहीत आहे. शाळेत गुरुजी टेबलावर पट्टी आपटून लघु-गुरू शिकवायचे. पुढे या कारखान्यात पहिल्यांदा ऑसिलोस्कोपच्या हिरव्या पडद्यावर चौकोनी लहर पाहिली, खाली-वर, खाली-वर, आणि मनात म्हटलं, अरे, ही तर गुरुजींची पट्टी! विजेची नाडी दाखवणारं ते यंत्र. जुने ऑसिलोस्कोप लहर दाखवायचे आणि विसरायचे. मग दोन वर्षांपूर्वी, शहाऐंशी साली, डिजिटल आला. तो लहर धरून ठेवायचा, तासाभरानं विचारलं तरी जशीच्या तशी दाखवायचा. कारखान्यात तसा एकच. तो कोणाच्या नावावर दिला होता? मीरा खरात हिच्या. ती मागे खांबाजवळ बसली आहे. मीरा, उठू नकोस, मला घाई करायची नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर रेल्वेची मोठी ऑर्डर तपासून द्यायची होती. तपासनीस यायला दहा दिवस होते, आणि हा डिजिटल पाहुणा सकाळी खोटं बोलायला लागला. लहर आत घ्यायच्या त्याच्या दोन वाटा, दोन चॅनेल; त्यातल्या पहिल्यावरची सरळ रेघ हळूहळू वर चढायची, लहर वाकडी व्हायची. दुपारी पुन्हा शहाण्यासारखा वागायचा. मधुकर धावत आला, “काका, वाट लागली! कंपनीचा एजंट म्हणतो, यंत्र पाठवा, दुरुस्तीला तीन महिने लागतील.” ऑर्डर हातची गेली असती तर अकरा हंगामी माणसं घरी बसणार होती. मुख्य अभियंत्यांनी, ते आता इथे नाहीत, सगळ्यांसमोर मीराला विचारलं, “तुझ्या नावावरचं यंत्र ना? काय पाडलंस त्यावर?”

ती म्हणाली, “काही नाही पाडलं, सर. मला आठ दिवस द्या.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर नवव्या दिवशी बोला ना!”

मला वाटलं, ही पोर आता संपली. मी समजवायला गेलो, “मीरा, जाऊ दे गं, एजंटकडे पाठव.” ती म्हणाली, “काका, तुम्ही कविता म्हणा. मला मोजू द्या.”

तिनं काय केलं? आधी आतला वीजपुरवठा मोजला, तो ठीक होता. मग यंत्राचीच ठरलेली चौकोनी लहर दोन्ही चॅनेलना देऊन पाहिली. दुसरा चॅनेल खरा, पहिला खोटा. म्हणजे दुखणं पहिल्या चॅनेलच्या दारातच होतं. पण दुपारी ते जातं कुठे? तिनं आलेखाच्या कागदावर दर तासाला एक ठिपका मांडला. सहा दिवस. जेवणाचा डबा सोडला, पण ठिपका नाही. आणि त्यात दिसलं, की सोमवारी सकाळी दुखणं सगळ्यात जास्त. रविवारभर बंद राहिलं की वाढतं, यंत्र तापलं की ओसरतं. ती म्हणाली, “आत ओल धरतंय काहीतरी.”

नेमकी तेव्हाच झाकणाच्या झरोक्यातून एक मुंगी बाहेर आली. मी आपला खुळा! म्हणालो, “वा, लहरींच्या देशातली प्रवासी!” मीरा म्हणाली, “काका, यंत्रात मुंगी कशाला जाईल? आत काय गोड आहे?”

मंडळी, एकाच मुंगीकडे आम्ही दोघं बघत होतो. मला कल्पना सुचली, आणि तिला पुरावा सापडला.

तिनं झाकण उघडलं. मानखुर्दच्या घरून तिनं वहिनीचा केस वाळवायचा ड्रायर आणला होता. त्याची गरम हवा एकेका जागी सोडत गेली. पहिल्या चॅनेलच्या तोंडाशी हवा लागली आणि वर चढलेली रेघ खाली येऊन जागेवर बसली. बंद करून भिंग लावलं. तिथे चिकट, पांढुरका थर होता. त्यात एक तांदळाचा दाणा. कुंकू लागलेला.

तिनं तो चिमट्यात धरून माझ्यासमोर केला. “काका, हे बघा.”

मी बघितलं. बघताच सगळं आठवलं. कारखान्याची नोटीस होती की उपकरणांच्या खोलीत पूजा करू नये, दारात करावी. पण खंडेनवमीला मी म्हटलं, नवा पाहुणा आहे, त्याला दाराबाहेरून कसा नमस्कार करायचा? मीच त्याचं कापडी आवरण काढलं, अक्षता टाकल्या, आणि त्याच्या शेजारीच लोखंडी ठोकळ्यावर नारळ फोडला. पाणी उडालं. मी रुमालानं वरून पुसलं आणि प्रसाद वाटला. नारळाचं पाणी झरोक्यातून आत गेलं असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आणि मीरा त्या दिवशी कुठे होती? रजेवर. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी घरच्यांबरोबर नागपूरच्या गाडीत.

तिनं स्पिरिटनं, मऊ ब्रशनं तो थर काढला, गंजलेले दोन जोड नव्यानं डाखले, एक खराब पार्ट बदलला, वाळवलं. पुढच्या सोमवारी सकाळी आठ वाजता रेघ सुतासारखी सरळ! रेल्वेची ऑर्डर पास झाली. अकरा माणसं राहिली, त्यातली सात आज या हॉलमध्ये आहेत. दुरुस्तीच्या वहीत तिनं लिहिलं, ‘ओलावा व मळ. साफ केले.’ माझं नाव नाही. आणि मुख्य अभियंत्यांनी तिच्या फाइलमध्ये लिहिलं, ‘निष्काळजी हाताळणी.’

मी काय केलं? काही नाही. दोन वर्षं उरली होती, डाग नको, असं स्वतःला सांगितलं. त्या शेऱ्यामुळे तिची बढती एकदा अडली, मी गप्प. दुसऱ्यांदा अडली, मी गप्प. गेल्या आठवड्यात धीर करून विचारलं, “मीरा, तू तेव्हाच का नाही सांगितलंस गं?”

ती म्हणाली, “मला वाटलं, तुम्ही सांगाल.”

दोन वर्षं ती वाट बघत होती, मंडळी. रोज मला “काका, चहा घेणार?” विचारत.

साहेब, सोमवारी माझ्या जागेसाठी मुलाखती आहेत. यादीत सहा नावं आहेत, मीराचं नाही. का नाही, ते तुम्हालाही माहीत आहे. आज सकाळी नऊ वाजता मी तुमच्या टेबलावर एक पत्र ठेवलं आहे. सोबत खंडेनवमीच्या हजेरीची नक्कल आणि तिचा तो ठिपक्यांचा कागद. तो दाणाही आहे, कागदाच्या पुडीत. ती पुडी तिनं टाकायला दिली होती, माझ्याच्यानं टाकवली नाही. माझ्या निवृत्तीचे कागद अजून तुमच्या सहीसाठी थांबले आहेत. त्यांच्यावर काय लिहायचं ते लिहा, पण आधी तो शेरा खोडा. तुम्ही मान हलवताय, पण मानेची सही फाइलमध्ये लागत नाही. घागसाहेब, तुम्ही आणलेली तिची फाइल आणि पेन द्या त्यांना. मी उभा आहे. वडे गार झाले तरी चालतील.

…झालं. शेरा खोडला, सही झाली. घागसाहेब, सगळ्यांना दाखवा. मीरा, आता ऊठ.

आपण सर्वांनी मला इतकी वर्षं सांभाळलंत, मी आपला ऋणी आहे. हा नारळ मी घरी नेऊन, ओट्यावर, सगळ्या यंत्रांपासून लांब फोडीन. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर ते मोठ्या मनानं पोटात घाला. तो एक नारळ मात्र पोटात घालू नका. तो माझ्या नावावर लिहून ठेवा.