पाहुन्याचं आवतन

मी बेल्याकडचा. बाप कापसाची पराटी पेरे, ज्वारी पेरे, मी त्याचं एकुलतं एक पोट्टं. शाळेत गेलो नाई असं नाई, गेलो होतो, पन तवा आमचं गाव आंध्रात होतं, मास्तर तेलुगुत शिकवे अन् मी मराठीत झोपो, म्हनून दोघायचंबी जमलं नाई.

मंग लगन झालं, शेवंता आली, पोट्टी झाली, कुंदा. ती रांगत होती तवा मी दुबईले गेलो. दुबई म्हनाची आपली रीत, म्या काई दुबई पाह्यली नाई, वाळवंटात एका अरबाच्या शेळ्या होत्या, त्यायच्या मागं फिरलो. काय सांगू तुमाले, इथं शेळ्या राखनाऱ्याले कोनी पोरगी देत नाई, अन् मी इमानात बसून शेळ्या राखाले गेलो. मालक कैक वर्सं सुट्टी देच ना. बोलाले मानूस नाई, शेळ्याच. त्यायले माह्यं समजे, मले त्यायचं समजे.

वापस आलो तं दारात एक चोटीवाली पोरगी. तिनं पाय धुवाले पानी देल्लं अन् घरात आवाज देल्ला, आई वं, पाहुने आले. मले काई वाटलं नाई. खरं सांगतो, वाईटबी वाटलं नाई. लय येळ मांडी घालून बसलं की पायाले मुंग्या येते ना, चिमटा काढला तरी समजत नाई, तसं आंगभर झालं होतं.

शेवंता म्हने बसा तुमी, थकले असान. मी खाटेवर बसलो तो बसलोच. पाहुन्याचं ताट ये, ते खाओ. कुंदा मले काईच म्हने ना. आईले म्हने त्यायले चहा दे, ते झोपले का. बाबा म्हने ना. म्याबी म्हटलं नाई की म्हन. मनात म्हनो, एकडाव म्हनन तं आपून घरी आलो असं समजू.

अशात पोळा आला. आदल्या दिवशी संध्याकाळी बैलाचे खांदे शेकतेत, हळद-लोनी चोळतेत, अन् त्याच्या कानात सांगतेत, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. घरच्या धन्याचं काम ते. मी नव्हतो तं शेवंतानं केलं, मंग कुंदानं. लोक हासत, म्हनत यायच्या घरी बायाच बैलाले आवतन देतेत.

मी खाटेवरून उठलो. म्हटलं, आज मी. कुंदानं हळद-लोन्याची वाटी माह्या हातात देल्ली.

बैलाजवळ गेलो, हात लांब केला, अन् तोंडातून शेळ्यायले बोलवाचा आवाज निंघाला. हुर्र हुर्र. बैलानं माह्याकडं असं पाह्यलं जसं तहसिलीतला कारकून पाह्यते. अन् देल्ली एक लाथ. मी शेनात, लोनी माह्या डोक्यात. शेजारचा गंगाराम कुडावरून म्हने, काऊन गा दुबईवाल्या, दूध काढून राह्यला का? शेवंता तोंडाले पदर लावून म्हने माय वं, लागलं का, अन् हासून राह्यली. म्याबी हासलो. लोक हासले की मी हासतो, तेवढी सवय गेली नाई.

कुंदा हासली नाई. खाली बसली, माह्या डोक्यातलं लोनी बोटानं निपटून घेतलं, वाया काऊन घालवाचं. बैलाचे दोनी खांदे चोळले, कानात आवतन देल्लं. हाताले थोडसं लोनी राह्यलं होतं. माह्याकडं वळली, माह्या खांद्यावर चोळलं, अन् तसंच म्हने, तुमीबी आवतन घ्या, उद्या जेवाले या.

शेवंताचं हासनं थांबलं. ते चिडवनं होतं का दुसरं काई, मले आजवर समजलं नाई. हात गरम होता, येवढं समजलं.

दुसऱ्या दिवशी आंधी बैलं जेवले, मंग मी. खाटेवर नाई, खाली, चुलीपाशी.

आता कुंदा सासरी गुडीहत्नूरले हाये, लेकराबाळाची झाली. लेकरं मले आबा म्हनतेत, तं तीबी आबाच म्हनते. बाबा मधातच राहून गेलं, तिकडं शेळ्यायपाशी. माह्ये बैल गेले, तिच्या घरी हायेत अजून. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिचा फोन येते, आबा, आवतन घ्या, उद्या जेवाले या. मी म्हनतो, घेतलं. सकाळच्या गाडीनं जातो, तिथं मले कोनी पाहुना म्हटलं तं खोटं नाई, अन् पाहुना होनं मले चांगलं येते. बैलं जेवतेत, मंग मी जेवतो. सुखी राहो माय माही, तिचे बैलबी सुखी राहो.