दाराशी ठेवलेलं खोकं

दवाखान्यात गुडघा चोळत बसलेल्या मास्तरांच्या कानावर शेजारच्या दोघा हमालांचं बोलणं पडत होतं.

"राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यावर सामान बांधताना कंबर धरली म्हणे तुझी?"

"बांधताना कसली, सोडताना! सगळं बांधून झालं आणि निरोप आला, साहेब जात नाहीत, परत लावा."

"अरे, मुदत संपली ना त्यांची?"

"कायदाच बदलतायत. कपबशा त्यांच्याच निरोपाच्या भाषणाच्या पेपरात गुंडाळल्या होत्या. त्याही काढल्या."

"बाईसाहेब खूश असतील."

"त्यांनी आपल्या कपड्यांचं खोकं काही सोडू दिलं नाही. दाराशीच ठेवून घेतलं."

"ते कशाला?"

"मीही तेच विचारलं. हळूच म्हणाल्या, 'राहू दे. पुढच्या वेळी तुम्हाला बोलवायला सवड मिळायची नाही.'"