तहकूब सभेतलं भाषण

...अन् वर मेळाव्यावाले म्हणतात कसे, 'बलभीमराव, यंदाच्या मेळाव्यात पण दोन शब्द बोला!' दोन शब्द? तुम्हाला सांगतो, माझे दोन शब्द ऐकायला काय काय येऊन बसतं ते एकदा ऐका, मग कुणी माझं नाव काढायचं न्हाय! ऐकताय न्हवं?

मी येरमाळ्याकडच्या पीककर्जाच्या सोसायटीचा सचिव. आमच्या धंद्यातली माणसं, म्हणजे गावोगावच्या सोसायट्यांचे सचिव, वर्षातून एकदा जमायची अन् नोंदी ठेवायची आपापली रीत एकमेकांना सांगायची. माझ्या डोक्यात एक रीत लई दिवस घोळत होती. जाडजूड वह्या बंद करा, माणसागणिक एक कार्ड करा, पेटीत उभं लावा. सभासद वारला तर कार्ड फाडायचं न्हाय, त्याच जागी उलटं करून ठेवायचं. वारस धुंडायला सोपं! पण ऐकतो कोण? मी बोलायला उठलो की आमच्यातले बुजुर्ग तात्याराव गरजायचे, 'बस खाली, बलभीमा!' अन् घरी आमच्या मथुराबाई, 'घरात तुमचं कुणी ऐकंना, तिथं कोण ऐकंल?' मेळाव्यानं ठराव केला तरच जिल्ह्याचे साहेब माझी रीत बघणार होते. त्या एका ठरावापायी माझा जीव टांगणीला लागलेला हो!

तर त्र्याहत्तरचा उन्हाळा, दुष्काळ मरणाचा. मेळावा मुरुमला, बाजारातल्या पत्र्याच्या शेडात. दोन एस्ट्या बदलून, नळदुर्गच्या फाट्यावर धूळ खाऊन पोचतो तर काय... शंभर खुर्च्या मांडलेल्या, अन् माणूस एक! आमचे संयोजक, महालिंगप्पा. म्हणाले, 'बाकीच्या सचिवांना दुष्काळी कामांवर हजेरी घ्यायला धाडलंय की हो. कुणी येत न्हाय.' म्हणलं, मग मी पण निघतो. 'निघता कुठं? गणसंख्या भरली न्हाय, सभा तहकूब! अर्ध्या तासानं त्याच जागी हीच सभा परत भरंल, तिला गणसंख्येची अट न्हाय. नियम हाय!' नियम म्हणजे त्या माणसाचं कुलदैवत!

आता सांगा, रिकाम्या खुर्च्यांपुढं शहाणा माणूस बोलतो का? पण अर्ध्या तासानं महालिंगप्पांनी घंटी हाणली अन् मी उठलो. भर दुपार, रस्त्यावर कुत्रं न्हाय, वारं एकदम पडलेलं. 'सचिव बंधूंनो' म्हणलं... अन् मागच्या रांगेतली एक खुर्ची करकरली. कुणीतरी सरसावून बसावं तशी! मग दुसरी. मग रांगच्या रांग! म्हणलं पत्रा तापलाय, तोच वाजत असंल, अन् बोलत राहिलो. ऐकताय न्हवं? जन्मात पहिल्यांदा माझ्या भाषणात कुणी खोकलं न्हाय, कुणी चहाला उठलं न्हाय! अंगावरचा घाम गार पडला, पण असा चेव चढला की तोंड थांबंना!

उलट्या कार्डापाशी आलो, अन् मागनं एक म्हातारा आवाज. लई थकलेला. 'ते उलटं कार्ड... परत सुलटं कधी करायचं?'

बघतो तर खुर्ची रिकामी! तरी म्हणलं, 'वारस आला की त्याच्या नावानं करायचं.'

'अन् वारस दुष्काळात गाव सोडून गेला तर?'

काय सांगू हो? म्हणलं, 'मग तसंच राहू द्यायचं. त्याची जागा मोडायची न्हाय.' तर आख्ख्या शेडानं सुस्कारा सोडला! शंभर खुर्च्यांनी! माझ्या अंगावर काटा, अन् खोटं कशाला बोलू, डोळ्यात पाणी. कुणाला तरी पटलं होतं माझं!

महालिंगप्पा पांढरेफटक. पण नियम सोडतील तर शपथ! टाक उचलून विचारतात, 'ठ... ठरावाला सूचक कोण?' अन् पहिल्या रांगेतनं आवाज, 'मी. तात्याराव.' तात्याराव! अहो, मागच्या श्रावणात आमीच त्यास्नी पोचवून आलो होतो! आयुष्यभर ज्या माणसानं मला खाली बसवलं, तो म्हणतोय, 'थांबलास का, बलभीमा? बोल की रं पुढं!' ऐकताय न्हवं?

अन् महालिंगप्पांनी टाक खाली ठेवला. 'सूचक मयत हाय, बलभीमराव. ठराव धरता येत न्हाय.'

'अहो, अट न्हाय म्हणला न्हवं तुम्ही?'

'ती गणसंख्येची न्हाय. जिवंतपणाची हाय की हो!'

पुढच्या वर्षी शेड खच्चून भरलं, सगळी हाडामांसाची माणसं. मी तेच भाषण केलं, शब्द इकडचा तिकडं केला न्हाय. निम्मे चहाला, निम्मे डुलक्या घेतायत. एकानं हात वर केला, मला वाटलं आला प्रश्न! तर म्हणतो, 'जेवणं कुठं हायत?' ठराव नामंजूर. अन् तोही एकमतानं!

तवापास्नं मी कुणावर रुसत न्हाय. माझं पटणारी माणसं या जिल्ह्यात हायत हो, शेडभर हायत... नुसता त्यास्नी मताचा हक्क न्हाय!