मायनं नेलेली भाकरी

इंदिरानगरच्या लॅबमध्ये माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सासू उपाशीपोटी रक्त देऊन डोळे मिटून टेकलेली.

“आई, चहा आणू?”

“थांब. डॉक्टर माझ्या लेकाचं काय म्हणाला, परत सांग.”

“संघर्षचं कोलेस्टेरॉल नुसतं खाण्यानं नाही वाढलं. घराण्यातून रक्तात उतरत आलंय. म्हणून तुमचंही तपासलं.”

“म्हंजे तुझ्या फोडणीनं नाय.”

“नाही.”

“वरीसभर तुझ्या हातातली तेलाची बरणी काढून घेत होते मी.”

“जाऊ द्या आता.”

“माझा बा काडीसारखा होता, राखी. चाळिशीत गेला. दुपारी बांधावर जेवला, लवंडला, अन् उठलाच नाय. अजून दिसतो मला. तोंडावर ऊन, झोपल्यावानी.”

“कधी बोलला नाहीत.”

“भाकरी मायनं नेली होती. गाव म्हणायचं, हिनंच कायतरी खाऊ घातलं. पुढं तिच्या हातचं कोणी खाल्लं नाय.”

“तुम्ही?”

“मी चुलतीकडं जेवायचे.”

“आई, चहा आणते.”

“नको. घरी चल. पिठलं कर, अन् तेल तुझ्या हातानं घाल. मी बघायला येत नाय.”